जुनी बोलेरो, लांबचा प्रवास: बैठक आणि सामानाची जागा कशी करावी?

#१ बालाघाट२३ (बीड)
गाडी बोलेरो, २००९ ची, एमएच २३. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालेलं आहे. पुढे दोन सीटा, मध्ये तिघांचं बाकडं, मागे समोरासमोर दोन आडव्या सीटा. प्रवास बीड, सोलापूर, विजयपूर, होस्पेटमार्गे बेंगळुरू, मदुराई, रामेश्वर आणि परत. दिवस बारा-तेरा. माणसं चार. त्यातले दोघं सत्तरीचे. एकाचे गुडघे धरतात, एकाला इन्सुलिन चालू आहे.

अडचणी अशा:
ड्रायव्हर सीट मधून दबली आहे, तासाभरात कंबर भरून येते. मधल्या बाकड्याची पुढची कड मांडीला टोचते. मागचं सामान घाटात इकडून तिकडे जातं. आडव्या सीटा काढून तिथे पेटी करावी, वर फळी टाकून झोपायची सोय करावी, जड सामान टपावरच्या कॅरियरवर टाकावं, असा विचार आहे. जाणकारांनी माप आणि मटेरियलसकट सांगावं.

#२ शिवणमशीन (छ. संभाजीनगर)
भाऊ, पेटीच्या आधी सीट धरा. नुसता फोम बदलून भागत नाही, आधी सीट का दबली ते बघावं लागतं.

आदल्या रात्री सीटच्या चारही बोल्टांना गंज सुटायचं तेल मारून ठेवा. सकाळी सीट काढा, खाली वायर असेल तर आधी सोडवा. सीट उलटी करून झिगझॅग स्प्रिंगा बघा. जुन्या गाडीत तीन गोष्टी सापडतात: स्प्रिंगची एखादी टोकाची क्लिप निसटलेली, स्प्रिंग ताणून लांब झालेली, नाहीतर फ्रेमच्या कोपऱ्यातला वेल्ड तडकलेला. स्प्रिंग निकामी असताना वर कितीही भारी फोम घाला, माणूस बसला की खड्डा तयार. स्प्रिंगा बदलून वर तागाचं जाड कापड किंवा कडक फेल्ट (नमदा) टाका. हा थर नसला की स्प्रिंगची तार फोम खालून कापत जाते.

आता फोम. मूळ फोमची जाडी जिथे कुणी बसत नाही अशा बाजूच्या कडेला मोजा आणि नवा थर तेवढाच ठेवा. खाली ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) एचआर फोम, म्हणजे दाबला तरी लगेच वर येणारा, ५० मिमी, वर ३२ डेन्सिटीचा २५ मिमी. जाडी जास्त हवी असेल तर खालचा थर वाढवा, वरचा नाही. दुकानात २३ किंवा २८ डेन्सिटीचा स्वस्त फोम दाखवतात, हाताला मऊ लागतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. लांबच्या प्रवासात तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बसतो. रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून केलेला) खाली १५-२० मिमीच्या पट्टीपुरता ठीक आहे, पूर्ण सीट त्याची केली तर दगडावर बसल्यासारखं होतं.

सोल्युशन दोन्ही पृष्ठांना लावा, आठ-दहा मिनिटं सुकू द्या, मग चिकटवा. बसायच्या मधल्या भागात सोल्युशनचा सलग थर देऊ नका. सुकल्यावर त्याचा पापुद्रा कडक होतो आणि नेमका तोच टोचतो. कडेनं चार बोटं पट्टी आणि मध्ये पाच-सहा ठिपके पुरतात.

मांडीला टोचतं त्याचं कारण बहुतेक हेच असणार की पुढच्या कडेचा फोम झिजून फ्रेमची नळी वर आली आहे. नळीवर १० मिमी फेल्ट गुंडाळा, त्यावर ४० डेन्सिटीची गोल पट्टी. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. कड गुडघ्यात घुसली तर पायाला मुंग्या येतात, म्हाताऱ्या माणसाच्या पायावर सूज येते.

कमरेसाठी पाठीच्या फोमवर १५० मिमी उंच, ३०० मिमी रुंद, ३० मिमी जाड ४० डेन्सिटीची उशी. तिची खालची कड माणूस बसल्यावर दबलेल्या सीटपासून साधारण १५० मिमी वर. वरची कड कात्रीनं उतरती करा. कव्हर शिवायच्या आधी ही उशी नुसत्या कापडाखाली ठेवून तासभर गाडी चालवा, वर-खाली सरकवून जागा पक्की करा. एकदा शिवलं की मग काही करता येत नाही.

#३ बालाघाट२३ (बीड)
दादा, ड्रायव्हर सीट पुढून थोडी उंच हवी आहे. पुढच्या दोन बोल्टांखाली वॉशर घालून उचलली तर? आणि कव्हर रेक्झिनचं करावं का?

#४ शिवणमशीन (छ. संभाजीनगर)
वॉशर नको. चार वॉशरांच्या गठ्ठ्यावर उभी राहिलेली सीट धडकेत बोल्टला वाकवते आणि बोल्टची जितकी लांबी आट्यात बसायला हवी तितकी उरत नाही. सीट जमिनीला जिथे धरते तिथे हात लावू नका. उतार फोममध्येच काढा: पुढे १५ मिमी, मागे शून्य, अशी पाचर कापून खालच्या थराखाली ठेवा.

एकूण उंची मूळपेक्षा २० मिमीहून जास्त जाऊ देऊ नका. उंच बसलं की मांडी स्टिअरिंगला लागते, डोळा काचेच्या वरच्या पट्टीत येतो, हेडरेस्ट डोक्याऐवजी मानेला येतं, पट्टा पोटावर चढतो.

रेक्झिन मे महिन्यात अंगाला चिकटतं. बसायचा आणि पाठीचा मधला भाग जाड विणीच्या कापडाचा, कडा रेक्झिनच्या, असं करा. टाका ४-५ मिमीचा. बारीक टाक्यानं रेक्झिनला ओळीनं भोकं पडतात आणि तिथूनच ते फाटतं. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा उन्हात कुजतो.

#५ वजनकाटा (लातूर)
बैठकीचं शिवणमशीन यांनी नीट सांगितलं. सामानाचा बेत मात्र उलटा आहे, बालाघाटभाऊ. जड सामान कॅरियरवर आणि मऊ सामान खाली, असं करायचं नसतं.

बोलेरोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं (एक्सलमधलं) अंतर, २६८० मिमी. मागच्या आसाच्या ०.८ मीटर मागे, म्हणजे मागच्या दाराशी, ६० किलो ठेवले तर मागच्या आसावर ६० नाही, जवळपास ७८ किलो येतात. वरचे १८ किलो पुढच्या आसावरून उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या वळणावर गाडी सरळ निघू बघते. तेच ६० किलो मधल्या बाकड्याच्या पाठीला टेकवून ठेवले तर पुढच्या आसाला जवळपास धक्का लागत नाही. म्हणून पाण्याचे कॅन, धान्य, भांडी, हत्यारं बाकड्याच्या पाठीला लागून, जमिनीवर. कपडे त्यांच्या मागे. अंथरूण-पांघरूण वर.

कॅरियर स्वतःच २०-२५ किलोचा असतो. त्यावर वाकळा, गाद्या, रिकाम्या पिशव्या एवढंच. उंच गाडी, मागे पाट्याची स्प्रिंग आणि टपावर शंभर किलो, अशी गाडी मांजरसुंबा घाटाच्या वळणात ताबडतोब जाणवते.

वजनाचा हिशोब अंदाजानं करू नका. गाडीची कमाल वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये नाहीतर गाडीवरच्या प्लेटवर असते. आपल्याकडे साखर कारखाना, जिनिंग, बाजार समिती, कुठेही वजनकाटा मिळतो. सगळं भरून, माणसं बसवून तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडी, नुसती पुढची चाकं काट्यावर, नुसती मागची चाकं काट्यावर. मोठ्या काट्याचं माप ५ ते २० किलोच्या टप्प्यात येतं, तेवढा फरक धरून चाला. मर्यादेच्या वर गेलात तर पाटे वाढवून मर्यादा वाढत नाही. पाट्यानं गाडी फक्त उंच दिसते. ब्रेक, एक्सल, टायर तेच राहतात.

#६ गोदाकाठ (नांदेड)
पेटीवर फळी टाकून झोपायची सोय उभ्या गाडीसाठीच करा. चालत्या गाडीत आडवं झालेल्या माणसाला पट्टा नसतो. ज्येष्ठांना पाठ टेकवायची असेल तर दर दोन तासांनी गाडी थांबवून वीस मिनिटं उतरवा, त्यांच्या गुडघ्यांनाही ते बरं. उभ्या गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवून एसी लावू नये. धुराची नळी जुनी असली की विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो.

मागच्या आडव्या सीटांवर तर लांबच्या प्रवासात कुणालाच बसवू नका. माणसं चारच आहेत, तेव्हा दोघं पुढे, दोघं मध्ये. बाकड्याच्या मधल्या जागेत २८-३० सेंमी रुंद पेटी ठेवा, मधल्या पट्ट्यानं आवळा. थर्मास, औषधं, चष्मे, दशम्या-धपाट्यांचा डबा त्यात. कोपर टेकायला वर २५ मिमी फोम लावा.

बोलेरो चढायला उंच आहे. गुडघे धरणाऱ्या माणसाला १८-२० सेंमी उंचीचा, खाली रबर लावलेला पाट द्या आणि तो दाराशीच अडकवा. पेटीत ठेवला तर प्रत्येक थांब्याला सामान उपसावं लागेल.

इन्सुलिनचं नीट ऐका. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी आपल्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालते, कारण पाणी झपाट्यानं उडतं. रामेश्वरला समुद्राची दमट हवा आहे, तिथे तिचा गारवा निम्माही राहत नाही. तिकडे जाताना रुंद तोंडाचा थर्मास आणि जेल पॅक घ्या. पॅक रुमालात गुंडाळा, कुपीला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. आणि ती पेटी मागच्या काचेपाशी कधीच नको. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा साठ अंशांच्या घरात जाते. औषध माणसांबरोबर उतरलं पाहिजे.

#७ पत्रा_वेल्डिंग (जालना)
पेटीचं सांगतो. चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी तीन ठिकाणी मोजा, जुन्या गाडीत पत्रा सरळ नसतो. सगळ्यात कमी मापातून दोन्ही बाजूंना १० मिमी वजा करा. आधी पुठ्ठ्याचा साचा करून आत बसवा, मागचं दार लावून बघा, मग पाइप कापा.

उदाहरणादाखल ८०० लांब, ९०० रुंद, ३०० मिमी उंच पेटी धरू. २५×२५×१.६ मिमीचा चौकोनी पाइप. बारा कडांना ८ मीटर, वर दोन आडवे १.८ मीटर, मिळून ९.८. पाइप सहा मीटरच्या नगात येतो, दोन नग पुरतात. मीटरला साधारण १.२ किलो, म्हणजे सांगाडा १२ किलोच्या आत. वर आणि तीन बाजूंना १२ मिमी प्लाय सुमारे १.५ चौरस मीटर, त्याचे ११-१२ किलो. पूर्ण पेटी २४ किलोच्या आसपास. हीच १८ मिमी प्लायची केली तर सहा किलो उगाच वाढतात. आडवे पाइप ३०० मिमीच्या अंतरावर असले तर १२ मिमीवर माणूस झोपू शकतो.

प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), आयएस ७१० शिक्क्याचं. साधं एमआर (थोडी ओलच सोसणारं) प्लाय पाण्याचा कॅन एकदा सांडला की कडेला फुगतं. कापलेल्या सगळ्या कडांना दोन हात सीलर.

ओढायचा खण (ड्रॉवर) करू नका, वरून उघडणारं झाकण करा. कपाटाचा टेलिस्कोपिक चॅनल गोळ्यांवर चालतो. आपल्या रस्त्याची धूळ ग्रीसमध्ये बसली की चार दिवसांत तो अडकतो, शिवाय साधी जोडी ४५ किलोच्या आसपासच पेलते, तेही घरात उभ्या कपाटात. खण हवाच असेल तर चॅनलऐवजी कडक नायलॉनच्या पट्ट्यांवर सरकता करा आणि दोन बाजूंना दोन कड्या लावा. एका कडीवर भरलेला खण सोडायचा नाही.

#८ बालाघाट२३ (बीड)
पेटी जमिनीला भोक पाडून बसवायची का? आणि आडव्या सीटा काढल्या तर पासिंगला अडचण?

#९ पत्रा_वेल्डिंग (जालना)
नवीन भोक नको. आडव्या सीटा काढल्यावर त्यांच्या मूळ बोल्टांची भोकं मोकळी होतात. पेटीच्या पायांना ५ मिमी पट्टीचे कान वेल्ड करून त्याच भोकांवर आणा. बोल्ट त्याच मापाचा, ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा), नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). पाय आणि जमिनीच्या मध्ये ३ मिमी रबर, नाहीतर पत्रा गुणगुणतो आणि रंग घासून गंज धरतो.

सीटा काढल्या की मॅट उचलून बघाच. जुन्या गाडीत मॅटखाली ओल साचलेली असते. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकानं ठोका. ठण् वाजलं तर पत्रा चांगला, भद्द वाजलं तर कुजलेला. कुजलेल्या भोकावर पेटी बसवून काही उपयोग नाही, झटक्यात बोल्ट पत्र्यासकट वर येतो. तिथे आधी पत्रा बदला, झिंक प्रायमर द्या, खालून ५०×५०×३ मिमीची आधार-प्लेट लावा.

पेटीचा सांगाडा गाडीच्या बाहेर वेल्ड करा. गाडीला वेल्ड लावणं भागच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, मॅट-फोम बाहेर, आणि एकानं खाली वाकून डिझेल टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून जातं ते आधी खडूनं खुणावून ठेवा.

#१० वजनकाटा (लातूर)
पासिंगबद्दल: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल केल्यास मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर सात सीटा आहेत. म्हणून सीटा कायमच्या काढणं, वाढवणं, बॉडी कापणं, बाकड्याची जागा बदलणं यातलं काही नको.

त्यामुळे माझं मत पत्रा_वेल्डिंग यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. आडव्या सीटा तुमच्या गाडीत उचलून बाजूला टेकत असतील तर त्या काढूच नका. पेटी दोन अरुंद भागांत करा, मधल्या जागेत बसेल अशी, आणि पट्ट्यांनी आवळा. तेव्हा ती गाडीतला बदल नसते, सामान असते.

#११ पत्रा_वेल्डिंग (जालना)
तुमचं म्हणणं पटतं. उचललेल्या सीटा साधारण अर्धा फूट जागा खातात. तेवढ्यात चार माणसांचं भागणार असेल तर दोन भागांची पेटीच बरी, एका माणसाला उचलता येते. मग पेटीच्या चारही खालच्या कोपऱ्यांना १० मिमी गजाच्या कड्या वेल्ड करा आणि २५ मिमीचे रॅचेट पट्टे (दांड्यानं आवळायचे) सीटच्या मूळ ब्रॅकेटना घ्या. पट्टा पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे, असा दोन्ही दिशांना पाहिजे. सीट-बेल्टच्या बोल्टाखाली कडी अडकवायचा मोह टाळा. तो बोल्ट माणसासाठी आहे, त्यात दुसरं काही घुसवायचं नाही.

आवळणं एवढं महत्त्वाचं का, तर हिशोब बघा. ताशी ५० किमीची गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर २० लिटरचा पाण्याचा कॅन पुढच्या पाठीवर सुमारे २८० किलोचा जोर लावतो. लवचिक जाळी तो जोर धरत नाही, ती पिशव्या पडू नयेत एवढ्यासाठी. बाकड्याच्या पाठीच्या वर सामान जाऊ देणार असाल तर ५० मिमी चौकटीची वेल्ड जाळी लावा. पाठीच्या खालीच ठेवणार असाल तर गरज नाही, आणि मागची काचही मोकळी राहते.

#१२ तारजोडणी (धाराशिव)
मागे चार्जर किंवा छोटा फ्रिज लावणार असाल तर लायटरच्या वायरला जोड मारू नका. बॅटरीपासून वेगळी तार ओढा. ४ चौरस मिमी तांबं, येऊन-जाऊन १० मीटर धरले तर ५ अँपियरला व्होल्टेजचा फरक पाव व्होल्टच्या आत पडतो. २.५ चौरस मिमीत तोच ०.३७ व्होल्ट, आणि बॅटरी थोडी उतरलेली असली की फ्रिज तेवढ्यावरच बंद पडतो. १५ अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज मागे सॉकेटपाशी लावला तर मधल्या सगळ्या तारेला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, पत्र्याला घासली की पेट घेते. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी). जोड पिळून टेप मारू नका, तारेच्या टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून बसवा. गाडी बंद असताना फ्रिज बंद. डिझेल इंजिनाला सकाळी स्टार्टसाठी बॅटरी लागते.

#१३ परभणी_ऑम्नी (परभणी)
माझी ऑम्नी आहे, मागची सीट दुमडून अशीच पेटी करायची आहे. पुढच्या सीटखाली पण थोडी जागा दिसते, तिथे काही ठेवता येईल का?

#१४ पत्रा_वेल्डिंग (जालना)
नाही. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखालीच आहे. तिथे फोम, कापड, प्लास्टिक काहीही कोंबू नका, हवेची वाट बंद होते आणि उष्णता सीटमध्ये चढते. इंजिनाच्या झाकणाचा रबरी गोट बदला, झाकणाच्या आतून अॅल्युमिनियम मुलाम्याची उष्णतारोधक शीट लावा, बैठक थंड होण्यासाठी तेवढं पुरतं. पेटी मागे करा पण अर्ध्या मापाची. ऑम्नीच्या १४५ आर १२ मापाच्या लहान टायरांवर बोलेरोएवढं सामान जात नाही.

#१५ बालाघाट२३ (बीड)
ठरलं. सीटा उचललेल्याच राहतील, दोन भागांची पेटी, कॅरियरवर फक्त अंथरूण. जॅक, पाना, अग्निशामक कुठे? आणि स्टेपनी मागच्या दारावर आहे, त्याच दाराला डिझेलचा कॅन अडकवायचं स्टँड मिळतं, ते घ्यावं का?

#१६ गोदाकाठ (नांदेड)
एक किलोचा एबीसी (लाकूड-कापड, तेल, वायू अशा आगींना चालणारा) अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा, सीटच्या बाजूला. जॅक, पाना, इशाऱ्याचा त्रिकोण पेटीच्या बाहेर, मागचं दार उघडल्याबरोबर हाताशी. रात्री भर पावसात पंक्चर झालं तर सगळं सामान रस्त्यावर काढायची वेळ येऊ नये.

#१७ पत्रा_वेल्डिंग (जालना)
दाराला कॅन मुळीच नको. स्टेपनीच्या वजनानं जुन्या बिजागऱ्या आधीच उतरलेल्या असतात. दार अर्धं उघडून खालून हातानं उचलून बघा, खेळ जाणवला तर पिन आणि बुश बदला. दार खडखडतं ते बहुतेक यामुळे, सामानामुळे नाही. डिझेल सुटं नेऊच नका, या वाटेवर पंपांची कमी नाही.

टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघून घ्या, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचं टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी भरलेल्या गाडीला नको. भरल्या गाडीची हवा प्लेटवर लिहिलेली असते ती, सकाळी थंड टायरात.

#१८ बालाघाट२३ (बीड)
आणि बसवल्यावर तपासणी कधी?

#१९ पत्रा_वेल्डिंग (जालना)
निघायच्या आठवडाभर आधी सगळं भरून एक फेरी मारा, बीड ते मांजरसुंबा घाट आणि परत. घाटात उतारावर, मागे कुणी नसताना दोनदा दाबून ब्रेक मारा. मग थांबून पेटीच्या कडेला आधी मारलेली खडूची रेघ बघा, ती सरकली असेल तर पट्टे चुकीच्या दिशेनं आहेत. प्रवासात पहिल्या २०० किमीला, म्हणजे सोलापूर ओलांडल्यावर, सीटचे चारही बोल्ट आणि पट्टे पुन्हा आवळा. नवा फोम आणि रबर पहिल्या दिवशी बसतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळंच थोडं सैल होतं. नंतर रोज सकाळी पट्टा हातानं ओढून बघितला तरी चालेल.